काकुनोदातेची सामुराई घरं बघायची कशी

सामुराई घरं म्हटलं की बरेच जण जपानमधल्या कानाझावा शहरात जातात, त्यात वाईट काहीच नाही, पण एक-दोन घरांऐवजी अख्खी वस्ती बघायची असेल तर मी तरी अकिता प्रांतातलं काकुनोदातेच सांगेन. 1620 मध्ये आशिना योशिकात्सुने हे गाव वसवलं आणि रस्त्यांची आखणी अजून बरीचशी तीच आहे. किल्ला मात्र शोधत बसू नका, शोगुनचा, म्हणजे तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाचा, एका प्रांतात एकच किल्ला ठेवायचा हुकूम होता, त्यात इथला पाडला गेला, आता नुसती टेकडी उरलीय.

तोक्योहून अकिता शिन्कान्सेनची (बुलेट ट्रेनची) कोमाची गाडी पकडा, साधारण तीन तास लागतात. हिच्यात सगळ्या सीट रिझर्व्ह असतात, त्यामुळे जाता-येताचं दोन्ही बुकिंग आधीच करून टाका. बॅगा स्टेशनवरच्या लॉकरमध्ये टाकायच्या आणि चालत निघायचं, वीसेक मिनिटांत काळ्या फळ्यांची कुंपणं दिसायला लागतात.

सगळ्यात आधी इशिगुरोंचं घर. ह्यांच्याकडे साताके ह्या सत्ताधारी सरदार घराण्याच्या इथल्या शाखेचा हिशोब-खजिना असायचा आणि वंशज आजही त्याच घराच्या एका भागात राहतात, म्हणून आत गेल्यावर म्युझियममध्ये आल्यासारखं मोठमोठ्याने बोलू नका. इथे खोल्यांमधून फिरता येतं आणि माहिती सांगायला माणूस असतो, जपानी येत नसलं तरी त्याच्या बोटाकडे बघत राहा, बरंच कळतं. दारं दोन आहेत, एक मानाच्या पाहुण्यांसाठी आणि एक घरच्यांसाठी, कोणी कुठून आत यायचं ते हुद्द्यावर ठरायचं. दोन खोल्यांच्या मध्ये वरती लाकडी जाळी आहे तिच्यात कासव कोरलंय, दिवा लागला की त्याची सावली भिंतीवर पडते, ती बघितल्याशिवाय हलू नका. बूट काढायचे असतात तेव्हा मोजे धड असलेले घाला (अंगठा बाहेर आलेला नको!), आणि उंबरठ्यावर किंवा तातामीच्या (जमिनीवरच्या गवती चटईच्या) काठावर पाय देऊ नका.

मग जवळच आओयागींचं घर. हे प्रकरण मोठंय, बाग, कोठारं, चिलखतं, तलवारी, तास-दीड तास सहज जातो. ओदानो नाओताके ह्याच घराण्याच्या नात्यातला, 1774 मध्ये डच शरीरशास्त्राच्या पुस्तकाचं जपानी भाषांतर आलं त्यातली चित्रं त्याने काढली, त्याच्याबद्दलही इथे बघायला मिळतं. दुकानं वगैरे जरा जास्तच आहेत असं मला वाटतं, पण पोरं सोबत असतील तर इथेच रमतात.

ह्या दोन्हींना तिकीट आहे, सुटे येन जवळ ठेवा. इवाहाशी, मात्सुमोतो वगैरे घरं फुकटात बघता येतात. मात्सुमोतो चुकवू नका, कारण ते खालच्या हुद्द्याच्या सामुराईचं, घर लहान आणि कुंपण फळ्यांचं नाही तर काटक्यांचं, आओयागी बघून लगेच इथे आलात की सामुराई म्हणजे सगळेच श्रीमंत नव्हते हे कुणी सांगावं लागत नाही.

कधी जायचं? एप्रिलच्या शेवटी झुकत्या फांद्यांची चेरी फुलते, त्यातली 162 झाडं राष्ट्रीय नैसर्गिक स्मारक म्हणून जपलीयत, पण त्याच सुमाराला गोल्डन वीकच्या सुट्ट्या लागतात आणि गर्दी म्हणजे नको वाटते, तेव्हा जायचंच तर पहिल्या गाडीने पोचा. शांतपणे घरंच बघायची असतील तर ऑक्टोबर-नोव्हेंबर बेस्ट. हिवाळ्यात बर्फ भरपूर आणि फुकटातली काही घरं बंद असतात, निघायच्या आधी तपासा.

जेवायला इनानिवा उदोन (गव्हाच्या नूडल्स) छान मिळतं, पण शाकाहारी असाल तर रश्श्यात माशाचं दाशी (उकळून काढलेलं पाणी) आहे का ते विचारा, बहुतेक असतंच. खरेदी करायची तर चेरीच्या सालीचा चहाचा डबा घ्या, काबाझाइकु म्हणतात, महाग असतो पण इथली खासियत तीच, आणि मग निवांत स्टेशनवर या.