बुधवार असून रविवारसारखा : जुनी प्रलयकथा टीव्हीसाठी नव्याने लिहिताना

"ह्याच्या खिशात काय आहे?"

माझ्या पहिल्या ड्राफ्टच्या समासात शिक्षिकेने पेन्सिलने एवढं एकच वाक्य लिहिलं होतं. प्रसंग असा होता : लंडनमधले जवळजवळ सगळे लोक एका रात्रीत आंधळे झालेत. दृष्टी शाबूत असलेला माझा नायक भुकेने कासावीस होऊन एका दुकानात शिरतो, पाव आणि चीज उचलतो आणि गल्ल्याजवळ दहा पौंडांची नोट ठेवून बाहेर पडतो. एक शब्द न बोलता माणूस अजून सभ्य आहे हे दाखवलं, म्हणून मी खूश होते. पण २०२० सालच्या लंडनकराच्या खिशात नोट येणार कुठून? कॉफीपासून भाजीपर्यंत सगळं तो कार्ड नाहीतर फोन टेकवून घेतो. तिथल्या बसमध्ये तर २०१४ पासून रोख पैसे चालतच नाहीत. वीज गेलेली, मशीन बंद. त्याला पैसे द्यायचेत आणि ते देताच येत नाहीत. एका पेन्सिलच्या रेघेने माझा प्रसंग आजचा झाला.

२०१९-२० मध्ये मी लंडनला पटकथालेखनाचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केला. शेवटच्या प्रकल्पात एखादी जुनी विज्ञानकथा निवडून तिची आजच्या काळातली सहा भागांची मालिका मांडायची होती. मी जॉन विंडम यांची १९५१ ची 'द डे ऑफ द ट्रिफिड्स' निवडली. आता मुंबईत रूपांतराचीच कामं करते, आणि नव्याने येणारी मुलंमुली 'सुरुवात कुठून करायची' असं विचारतात. त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

कथा थोडक्यात सांगते. बिल मेसन डोळ्यांवर पट्ट्या बांधून इस्पितळात पडलाय. आदल्या रात्री आकाशात हिरव्या उल्कांचा वर्षाव झाला, तो सगळ्या जगाने पाहिला. ज्यांनी पाहिला ते सकाळी आंधळे होऊन उठले. त्यातच तेलासाठी लावलेली ट्रिफिड नावाची झाडं आहेत. ती तीन बुंध्यांवर चालतात आणि विषारी नांगी मारतात. डोळस माणसासमोर त्यांचं काही चालत नव्हतं. आता माणूसच आंधळा झालाय.

नवोदितांची पहिली चूक इथेच होते आणि माझीही झाली. माझ्या पहिल्या आराखड्यात निम्मा भाग उल्का, कोसळणारी विमानं आणि आगी यांनीच भरला होता. विंडम यांनी यातलं फार थोडं दाखवलंय. त्यांची सुरुवात आवाजाची आहे : वार बुधवार, पण कानाला रविवार वाटतोय. रस्त्यावर गाड्या नाहीत, बसचा आवाज नाही. पट्टीखाली पडलेल्या माणसाला एवढंच कळतं आणि तेवढ्यानेच पोटात गोळा येतो.

ही सुरुवात मला खरी कळली २५ मार्च २०२० ला. सोमवारी रात्री लॉकडाऊन जाहीर झाला होता आणि तो बुधवार होता. दिवसातून एकदा व्यायामाला बाहेर पडायची मुभा होती, म्हणून मी रसेल स्क्वेअरपर्यंत चालत गेले. तिथेच लंडन विद्यापीठाचं सेनेट हाउस आहे. कादंबरीत अंधारलेल्या लंडनमधून याच मनोऱ्यावरचा प्रकाशाचा झोत दिसतो आणि वाचलेले डोळस लोक तिकडे गोळा होतात. भर दुपार होती, आणि सिग्नलचे दिवे रिकाम्या रस्त्यासाठी हिरवे-लाल होत होते. मला पक्ष्यांचा आवाज आला, आणि तो किती मोठा आहे याचीच भीती वाटली. घरी येऊन पहिली बारा पानं काढून टाकली. माझा पहिला भाग आता पूर्ण तीन मिनिटं काळ्या पडद्यावर चालतो, फक्त आवाजांवर.

मग मी आधीची रूपांतरं पाहायला बसले. हे काम टाळू नका. 'आधीचं पाहिलं तर आपल्यावर प्रभाव पडेल' हे मला पटत नाही. पाहिलं नाही तर कुणीतरी चाळीस वर्षांपूर्वी केलेली चूक आपण नव्या उत्साहाने करतो.

बीबीसीने ही कादंबरी दोनदा मालिकेत आणली. १९८१ ची मालिका अर्ध्या-अर्ध्या तासाच्या सहा भागांची. २००९ ची, डिसेंबरच्या शेवटी दाखवलेली, दीड-दीड तासाच्या दोन भागांची. वेळ दोन्हींना जवळपास सारखाच, तीन तासांच्या घरातला, पण घडण पूर्ण वेगळी. १९८१ मध्ये दर अर्ध्या तासाला थांबावं लागतं, त्यामुळे गोष्ट कादंबरीच्या पायरीपायरीने चालते : इस्पितळ, रस्ता, विद्यापीठ, गाव, शेतघर. दोन भागांत मात्र मध्यावर एक मोठं वळण आणि शेवटी एक मोठा सामना लागतो, आणि सामन्याला खलनायक हवा. म्हणून मूळ कादंबरीत तुरळक दिसणारा टॉरन्स २००९ मध्ये एडी इझर्ड यांच्यासारखा नट घेऊन कथेच्या मध्यभागी येतो. म्हणून मी सगळ्यांना सांगते, आधी भागांची संख्या विचारा, पात्रं मग ठरवा.

२००९ वाल्यांनी काळ चांगला ओळखला होता, हे मान्य करायला हवं. तिथे ट्रिफिडचं तेल खनिज इंधनाला पर्याय म्हणून काढतात आणि आंधळेपण सौर वादळामुळे येतं. १९५१ चा वाचक महायुद्धातून नुकता बाहेर पडलेला होता, ब्रिटनमध्ये रेशनिंग अजून चालू होतं आणि डोक्यावरच्या शस्त्रांची भीती ताजी होती. विंडम यांचा नायक पुढे शंका घेतो की त्या उल्का नसून माणसानेच वर फिरत ठेवलेली शस्त्रं असावीत. म्हणजे हे संकट माणसाने स्वतःच ओढवून घेतलेलं. सौर वादळ आणल्यावर तो दोष सूर्यावर गेला. झाडांकडे माणसाची हाव राहिली, पण आंधळेपणातून ती निसटली. माझ्या मते तिथे कथेचा अर्धा जीव गेला. शास्त्रीय कारण बदलताना नुसती नवी बातमी शोधू नका. जुन्या कारणाने कुणाला जबाबदार धरलं होतं ते आधी पाहा.

ट्रिफिडच्या बाबतीत मात्र मी १९८१ च्या बाजूची आहे. त्या झाडाच्या आत एक माणूस अंग आखडून बसून ते हलवत असे, आणि आत जीव घुसमटू नये म्हणून मानेत पंखा बसवलेला असे. झाड जेमतेम चालतं. पण बुंध्यावर काटक्या आपटल्याचा जो टकटक आवाज येतो, तो ऐकून अंगावर काटा येतो. आंधळ्यांच्या जगातला राक्षस कानाने भेटायला हवा.

आता या कथेचा गाभा. कोकर नावाचा माणूस डोळस लोकांना पकडतो आणि एकेकाला आंधळ्यांच्या टोळीशी साखळीने जखडतो : तुम्हाला दिसतंय, तर यांना खायला शोधून द्या. विद्यापीठात जमलेल्यांचं म्हणणं उलट : सगळ्यांना वाचवता येणार नाही, मोजक्यांना घेऊन बाहेर पडू. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, दोघांनाही किंमत मोजावी लागते. हा प्रश्न एका कागदावर लिहून मी टेबलासमोर चिकटवला होता. प्रत्येक प्रसंग त्याला जाऊन भिडतो का, ते बघायचं. भिडत नसेल तर प्रसंग काढायचा.

आणि इथेच आजच्या लेखकाला एक गोष्ट बदलणं भाग आहे. कादंबरीतले आंधळे लोक बहुतेक असहाय गर्दी म्हणून येतात. पण आधीपासून आंधळा असलेला एक माणूसही लंडनच्या पिकॅडिली भागात थोडा वेळ भेटतो. हातात काठी, चाल सराईत. कालपर्यंत लोकांनी त्याची कीव केली होती, आणि आज त्याच लोकांना संयमाची गरज पडली आहे, हे तो कडवटपणे बोलून निघून जातो. मी ते पान वाचून थांबलेच. अख्ख्या शहरात फिरायचं कसं हे ज्याला ठाऊक आहे तो एकटा हाच, आणि लेखकाने त्याला जाऊ दिलं. माझ्या मालिकेत ती व्यक्ती जात नाही. ती तिशीतली बाई आहे, जन्मापासून आंधळी, आणि दुसऱ्या भागापासून नायकाला तिची गरज पडते.

तिला लिहिण्यासाठी मी वसतिगृहातल्या एका जन्मांध विद्यार्थिनीशी बोलले. तुम्हीही बोला, नुसतं डोळे मिटून कल्पना करू नका. मी तिला विचारलं, दुकानात तुला दिशा कशी कळते? ती म्हणाली, फ्रिजच्या घरघरीवरून. दूध-दह्याची रांग कुठे, दार कुठे, सगळं त्या आवाजावर बसवलेलं. मग वीज गेली तर? ती जरा थांबली आणि म्हणाली, "मग ते दुकान माझ्यासाठी राहतच नाही." मला हे महिनाभर टेबलाशी बसूनही सुचलं नसतं.

दुसरी मालिका जरूर अभ्यासा : 'सर्व्हायव्हर्स'. टेरी नेशन यांनी रचलेली मूळ मालिका १९७५ ते १९७७ अशी तीन सत्रं चालली, ३८ भाग. साथीने जवळजवळ सगळी माणसं मेल्यावर उरलेले काय करतात याची कथा. पहिल्याच भागात ॲबी ग्रँट एका म्हाताऱ्या शिक्षकाला भेटते. तो तिला साध्या वस्तूंबद्दल विचारतो : हे कसं बनतं, त्याचा कच्चा माल कुठून येतो, ते हत्यार कोण घडवतं? चंद्रावर माणूस पाठवणाऱ्या समाजातल्या एकट्या माणसाला लोखंडाचं टोकही घडवता येत नाही. दोन माणसं बोलतायत, बाकी काही नाही, आणि तो प्रसंग आजही घाम फोडतो.

२००८ ला बीबीसीने ती नव्याने आणली. पात्रं आजच्या ब्रिटनची होती, त्यात नाजिद नावाचा मुस्लिम मुलगा, अल नावाचा श्रीमंत तरुण, आणि ते फार नैसर्गिक वाटतं. पण तिच्यात एक गुप्त प्रयोगशाळा आली आणि पीठ-मीठ-मेणबत्तीचा प्रश्न बाजूला पडला. बारा भागांनंतर, फेब्रुवारी २०१० मध्ये मालिका संपली, ती कथा अर्ध्यावर सोडून. पहिलं सत्र आणि दुसरं सत्र यांच्या मधल्या काळात जगात खरोखर स्वाइन फ्लूची साथ आली होती. मी तेव्हा पुण्यात शाळेत होते. ऑगस्ट २००९ ला देशातला पहिला बळी पुण्यात गेला, शाळा बंद झाल्या, तोंडाला रुमाल बांधलेली माणसं रस्त्यावर दिसायला लागली. आई तेव्हा विषाणूबद्दल चकार शब्द बोलली नव्हती. घरात तांदूळ किती आहेत ते तिने पाहिलं होतं. मालिकेने तिथेच राहायला हवं होतं, तांदळाच्या डब्यापाशी.

आता हक्कांबद्दल, कारण इथे नव्या मुलांचं नुकसान होतं आणि माझं झालं. परत आल्यावर मुंबईतल्या एका निर्मितीसंस्थेने एका परदेशी कादंबरीवर माझ्याकडून शो बायबल (मालिकेचं जग, पात्रं आणि भाग मांडणारा आराखडा) आणि पहिल्या भागाची पटकथा लिहून घेतली. तीन महिने गेले. हक्क घेतलेत का हे मी विचारलंच नाही, आणि त्यांनी ते घेतलेलेच नव्हते. काम बंद पडलं, पैसे मिळाले नाहीत. आता नॅरेशनला, म्हणजे निर्मात्याला कथा ऐकवायला, जायच्या आधी माझा पहिला प्रश्न तोच असतो, आणि उत्तर मी ईमेलवर मागते.

हिशोब साधा आहे. भारतात लेखकाच्या मृत्यूच्या वर्षानंतर ६० वर्षं हक्क राहतो, ब्रिटनमध्ये ७०. विंडम १९६९ मध्ये गेले, म्हणजे इथे २०२९ संपेपर्यंत आणि तिथे २०३९ संपेपर्यंत. मालिका जगभर दिसणार असेल तर दोन्ही तारखा पाहाव्या लागतात. एच. जी. वेल्स १९४६ मध्ये गेले, २०१६ संपताच ब्रिटनमध्ये त्यांची पुस्तकं मोकळी झाली, आणि २०१९ मध्ये 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' वर एकाच वर्षी दोन वेगवेगळ्या मालिका आल्या. एक राजा सातव्या एडवर्डच्या, म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या इंग्लंडमध्ये, दुसरी आजच्या युरोपात.

पुस्तकाचा हक्क आणि त्यावरच्या आधीच्या रूपांतराचा हक्क या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हेही लक्षात ठेवा. नवी 'सर्व्हायव्हर्स' नेशन यांच्या कादंबरीवर आधारित म्हणून केली गेली, जुन्या मालिकेवर नाही. माझ्या आराखड्यात ट्रिफिड समुद्राच्या खाऱ्या पाण्याने मरत होते. शिक्षिकेने विचारलं, हे पुस्तकात कुठल्या पानावर आहे? कुठेच नव्हतं. ते १९६२ च्या चित्रपटातलं होतं आणि माझ्या डोक्यात पुस्तकाचं म्हणून बसलं होतं. तेव्हापासून मी प्रत्येक प्रसंगापुढे पान क्रमांक लिहिते. पान नसेल तर ते मला सुचलंय की दुसऱ्याचं आहे, याचा शोध घेते.

तो दुकानातला प्रसंग मी अजून सोडलेला नाही. कादंबरीत नायक दुकानाची काच फोडायला कचरतो, कारण काच फोडली की जुनं जग संपलं हे आपणच कबूल केलं असं होतं. माझ्या आठव्या ड्राफ्टमध्ये काच आधीच फुटलेली आहे. नायक बंद मशीनवर फोन टेकवतो, पुन्हा टेकवतो, हिरवा दिवा लागत नाही. मागे ती बाई उभी आहे, एक हात रॅकवर. ती बराच वेळ कान देऊन ऐकते आणि विचारते, "फ्रिज कधीपासून बंद आहे?"

तो फोन खिशात ठेवतो आणि दुधाच्या बाटलीला हात लावून बघतो.