लिनक्स मिंटमध्ये डी ड्राइव्ह उघडते, पण सेव्ह होत नाही: माझा अनुभव

विंडोज ठेवून शेजारी लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. डी ड्राइव्हवरचे फोटो दिसायचे, फाइल्स उघडायच्या. पण नवा फोल्डर करायला गेलं की ‘रीड-ओन्ली फाइल सिस्टिम’ (म्हणजे फक्त वाचता येईल, लिहिता येणार नाही) असा एरर. गंमत म्हणजे कधीकधी सगळं सुरळीत चालायचं.

परमिशन बदलून पाहिल्या, फाइल मॅनेजर रूट (सगळे अधिकार असलेला युजर) म्हणून उघडला, शेवटी मिंटच पुन्हा टाकलं. दोन रविवार वाया.

दोष लिनक्सचा नव्हताच. विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ आहे. त्यात शट डाउन केलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, अर्धवट हायबरनेट होतं, म्हणजे आपली स्थिती डिस्कवर जपून झोपी जातं. अशा वेळी विंडोजच्या एनटीएफएस (फाइल्स साठवण्याची पद्धत) ड्राइव्हवर लिहिलं तर डेटा बिघडू शकतो, म्हणून लिनक्स ती फक्त वाचायला देतं. रीस्टार्टला मात्र फास्ट स्टार्टअप लागू होत नाही, म्हणून विंडोजमधून रीस्टार्ट करून मिंटमध्ये आलो की सगळं चालायचं. ‘कधीकधी’चं कोडं तिथे सुटलं.

विंडोजमध्ये जा. कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे ‘चूज व्हॉट द पॉवर बटन्स डू’. खालच्या चौकटी फिकट दिसतील, म्हणून आधी वरच्या ‘चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल’वर क्लिक करा (मी इथेच अडकलो होतो). मग ‘टर्न ऑन फास्ट स्टार्टअप’ची टिक काढा, सेव्ह चेंजेस, आणि शट डाउन. स्लीप किंवा हायबरनेट नको. आता लिनक्स सुरू करून डी ड्राइव्ह उघडा.

माझा फोल्डर पहिल्याच झटक्यात तयार झाला. एका मोठ्या विंडोज अपडेटनंतर ती टिक परत आलेली दिसली, पुन्हा काढली.