गुन्हेगारीशास्त्राचं पहिलं वर्ष आणि ट्युटोरियल : या चुका टाळा

पहिल्या ट्युटोरियलला, म्हणजे लेक्चरला जोड म्हणून घेतल्या जाणाऱ्या लहान गटाच्या तासाला, मी दरवर्षी एकच प्रश्न विचारते, ‘हा विषय का घेतलात?’ कुणाला तपास करायचा असतो, कुणाला सीरियल किलरच्या डोक्यात काय चालतं ते कळून घ्यायचं असतं, कुणाला प्रयोगशाळेत रक्ताचे नमुने तपासायचे असतात. दोन-तीन आठवड्यांत समोर येतो इटालियन विचारवंत बेकारियाचा १७६४ सालचा शिक्षेबद्दलचा युक्तिवाद, मग लोम्ब्रोझो, दर्खाइम, मर्टन यांचे सिद्धांत आणि पाठोपाठ आकडेवारीची कोष्टकं. चेहरे उतरायला लागतात. ‘हे सगळं समाजशास्त्रच आहे की!’ असं एकजण तरी म्हणतोच.

विषय बदलून जाणारी मुलं बहुधा याच दिवसांत जातात. ती हुशार नसतात असं मुळीच नाही. कायदे कसे बनतात, ते का मोडले जातात आणि मोडल्यावर समाज काय करतो, या तिन्ही गोष्टी अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सदरलंडने गुन्हेगारीशास्त्राच्या कक्षेत धरल्या होत्या. नमुने तपासणं हे न्यायसहायक विज्ञानाचं (फॉरेन्सिकचं) काम. हा फरक दोनशे जणांच्या लेक्चरमध्ये सांगितला जातो, पण पंधरा जणांच्या खोलीत बोलता बोलता तो पटतो. ट्युटोरियलचा खरा उपयोग इथून सुरू होतो. तो वाया कसा जातो, हे मी बरीच वर्षं पाहत आले आहे. काही चुका विद्यार्थ्यांच्या असतात, काही आम्हा ट्यूटरांच्या.

ट्युटोरियलला दुसरं लेक्चर समजणं

ही चूक दोघं मिळून करतात. विद्यार्थी कोरी वही घेऊन येतो आणि म्हणतो, ‘मागच्या लेक्चरमधलं काहीच कळलं नाही, परत सांगा.’ ट्यूटरला खोलीतली शांतता सोसत नाही, म्हणून तो सांगत सुटतो. तास संपतो, सगळ्यांना हलकं वाटतं आणि पुढच्या आठवड्यात पाटी पुन्हा कोरी.

१९७३ मध्ये मिसुरी विद्यापीठाच्या कॅन्सस सिटी इथल्या शाखेत ‘सप्लिमेंटल इन्स्ट्रक्शन’ नावाची पद्धत सुरू झाली आणि पुढे अनेक देशांतल्या विद्यापीठांनी ती उचलली. तिच्यात तोच विषय आधी चांगला पार पाडलेला विद्यार्थी गटाला घेऊन बसतो. तो नव्या मुलांबरोबर लेक्चरला पुन्हा हजर राहतो, पण गटात बसल्यावर लेक्चर पुन्हा देत नाही. कुणी प्रश्न विचारला की तो आधी गटाकडे वळवतो. गटाकडे उत्तर नसेल तर ‘हे नोट्समध्ये कुठे सापडेल?’ असं विचारतो. वाचायला सोपं वाटतं. करताना जीभ चावून गप्प बसावं लागतं.

विद्यार्थ्यांना माझं सांगणं इतकंच, की येताना काहीतरी हातात आणा. अर्धा परिच्छेद चालेल, अडलेलं एखादं वाक्य चालेल, ‘इथपर्यंत कळलं, पुढे नाही’ अशी पानावरची खूणही चालेल. ‘काहीच कळलं नाही’ याला उत्तर देता येत नाही. ‘दर्खाइम गुन्ह्याला समाजातली सामान्य गोष्ट म्हणतो, म्हणजे तो गुन्ह्याचं समर्थन करतो का?’ याला देता येतं, आणि त्यावर अख्खा तास रंगतो.

‘ट्युटोरियल कच्च्या मुलांसाठी असतं’

ही समजूत कधीकधी कार्यक्रमाच्या नावातूनच पसरते. पहिल्या चाचणीत कमी गुण मिळालेल्यांची यादी फलकावर लागते आणि त्यांना ट्युटोरियल सक्तीचं होतं. मग ज्यांना गरज आहे तेही लाजेने टाळतात. ज्या विषयात बेकरचा १९६३ सालचा शिक्का-सिद्धांत शिकवला जातो, एखाद्यावर शिक्का मारला की लोक त्याच्याशी त्याच नजरेने वागू लागतात आणि हळूहळू तोही स्वतःला तसंच पाहू लागतो असं सांगितलं जातं, त्याच विषयाच्या विभागाने असा शिक्का मारावा याचं मला वाईट वाटतं.

कॅन्सस सिटीच्या पद्धतीत याचं उत्तर होतं. तिथे अवघड म्हणून पेपर निवडला जातो, कच्चा म्हणून विद्यार्थी नाही, आणि त्या पेपरला बसणाऱ्या प्रत्येकाला दार उघडं असतं. ट्युटोरियल पहिल्या आठवड्यापासून आणि सगळ्यांसाठी ठेवलं, तर नापास झाल्यावर येण्याचा प्रश्नच उरत नाही.

सिद्धांतांची हजेरी घेणं

नाव, साल, व्याख्या, टीकेचे दोन मुद्दे. पहिल्या वर्षाच्या नव्वद टक्के नोट्स अशाच दिसतात, निदान माझ्यासमोर येतात त्या तरी. आणि लोम्ब्रोझोला तर एका ओळीत हसून निकालात काढलेलं असतं. कवट्या मोजून जन्मजात गुन्हेगार ओळखण्याचा त्याचा १८७६ सालचा दावा टिकला नाही, हे खरं. पण गुन्ह्याऐवजी गुन्हेगाराकडे पाहायचं आणि नुसता तर्क न लढवता मोजमाप करायचं, हे वळण त्याच्यामुळे आलं, ते त्या ओळीत कुठेच नसतं.

ही चूक कशी सुटते ते एका तासाचंच सांगते. एका मुलीने असाइनमेंटचा पहिला परिच्छेद आणला होता. त्यातलं एक वाक्य मी फळ्यावर लिहिलं : ‘गरिबीमुळे माणूस गुन्हेगार होतो.’

मी म्हटलं, ‘याच्यावर प्रत्येकाने एकेक प्रश्न विचारा.’ बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या बाकावरून आवाज आला, ‘मग सगळे गरीब गुन्हेगार का नाहीत?’ तिने ‘होतो’ खोडून ‘होऊ शकतो’ केलं. दुसऱ्याने विचारलं, ‘आणि पैसेवाल्यांचं काय? कंपन्यांचे घोटाळे?’ इथे सदरलंड आला. पांढरपेशा गुन्हेगारीची कल्पना त्याने १९३९ मध्ये मांडली, ती नेमकी याच वाक्याला छेद देणारी होती. प्रतिष्ठित माणसं आपल्या व्यवसायातून गुन्हे करत असतील, तर गरिबी हे सगळ्याचं कारण कसं असेल? तिसरा प्रश्न सगळ्यांत चांगला होता : ‘गरीब जास्त गुन्हे करतात हे कळलं कुठून?’ पोलिसांच्या नोंदींतून. मग कुणावर जास्त नजर असते, कुणाची तक्रार नोंदली जाते, कुणाचं प्रकरण आपसात मिटतं, यावर पंधरा मिनिटं गेली.

तेव्हा कुठे आम्ही मर्टनकडे गेलो. १९३८ च्या त्याच्या मांडणीत नुसत्या गरिबीला दोष नाही. समाज सगळ्यांना यशाचं एकच चित्र दाखवतो आणि तिथे पोचायचे सरळ रस्ते मात्र सगळ्यांना सारखे देत नाही, त्यातून ताण येतो, असं तो म्हणतो. त्या ताणाला माणसं पाच तऱ्हांनी सामोरी जातात आणि त्यांतली एकच तऱ्हा अशी, की यश तेच हवं पण वाट आडवी.

तास संपताना त्या मुलीने परिच्छेद पुन्हा वाचला. ‘यशाची अपेक्षा सगळ्यांकडून सारखी आणि संधी मात्र असमान, या विसंगतीतून गुन्ह्याकडे वळण्याचा दबाव तयार होतो, असं मर्टन मानतो. मात्र ज्यांच्याकडे संधी भरपूर आहेत त्यांचे गुन्हे यातून पुरेसे उलगडत नाहीत.’ दोन वाक्यं. त्यांना जवळजवळ तासभर लागला आणि तो सत्कारणी लागला. सिद्धांताच्या नोट्स तिच्याकडे आधीपासून होत्या. त्या कशासाठी वापरायच्या, हे तिला त्या दिवशी कळलं.

घरी करण्यासारखं एक काम मी यानंतर देते. एकच साधा प्रसंग घ्या, समजा, पंधरा वर्षांच्या मुलाने दुकानातून हेडफोन उचलले. आता हा प्रसंग तीन सिद्धांतांच्या नजरेतून पाहा. सदरलंड विचारेल, तो हे कुणाच्या संगतीत शिकला? हिर्शीचा १९६९ सालचा प्रश्न उलटाच आहे : बाकीची मुलं असं का करत नाहीत, त्यांना कोणते बंध धरून ठेवतात? कोहेन आणि फेल्सन १९७९ च्या त्यांच्या मांडणीत त्या क्षणाकडे पाहतात. गुन्हा करायला तयार असलेला माणूस, हाताशी सोपं लक्ष्य आणि लक्ष ठेवणारं कुणी नाही, या तिन्ही गोष्टी एका जागी आल्या होत्या का? प्रत्येक सिद्धांत वेगळाच प्रश्न विचारतो हे दिसलं, की ‘तुलना करा’ या प्रश्नाची भीती जाते.

आकडा दिसला की तो खरा मानणं

समजा, एका शहरात कौटुंबिक हिंसाचाराच्या तक्रारी वर्षभरात ४० वरून ६० झाल्या. उत्तरपत्रिकेत लगेच येतं, ‘हिंसाचार ५० टक्क्यांनी वाढला.’ वाढल्या त्या तक्रारी. हिंसाचार वाढला असेल, तेवढाच राहिला असेल, कदाचित कमीही झाला असेल. कायद्याची व्याख्या रुंदावली, नोंदवण्याची पद्धत बदलली, बायकांना तक्रार करायला धीर आला, लोकसंख्या वाढली, यांतलं काहीही घडलेलं असू शकतं. नोंदीत न येणाऱ्या या अंधारातल्या आकड्यासाठीच लोकांना थेट ‘तुमच्या बाबतीत काही घडलं का?’ असं विचारणारी पाहणी सुरू झाली, अमेरिकेत १९७३ मध्ये, ब्रिटनमध्ये १९८२ मध्ये.

यासाठी सेमिस्टरमधला निदान एक तास फक्त एका कोष्टकावर घालवा. शीर्षक वाचा, तळटीप वाचा, मोजलंय काय ते बघा : गुन्हे, आरोपी, की शिक्षा झालेले? दर कशाच्या तुलनेत काढलाय? तळटीप वाचायची सवय लागली तरी तो तास कारणी लागला.

खोलीत कोण बसलंय हे विसरणं

ही चूक माझी आहे आणि ती मी विसरलेले नाही. बळीशास्त्राच्या, म्हणजे गुन्हा ज्यांच्यावर घडतो त्यांच्या अभ्यासाच्या, पहिल्या तासाला वातावरण मोकळं व्हावं म्हणून मी विचारलं, ‘तुमच्यापैकी कुणाच्या बाबतीत कधी गुन्हा घडलाय?’ दोन-तीन मुलांनी मोबाइल चोरीला गेल्याचं सांगितलं. एक मुलगी खाली बघत राहिली, मग पाण्याची बाटली तशीच ठेवून बाहेर गेली. पुढचे दोन आठवडे ती आली नाही.

या विषयाकडे काहीजण आपल्या किंवा घरातल्या कुणाच्या अनुभवामुळे वळलेले असतात. कुणाचे वडील तुरुंगात असतात. म्हणून आता लैंगिक अत्याचार, घरातली हिंसा, आत्महत्या असे विषय कोणत्या तासाला आहेत ते मी सुरुवातीलाच सांगते. कुणीही कारण न देता उठून जाऊ शकतं आणि मागाहून मी ‘का गेलीस?’ असं विचारत नाही. उदाहरण द्यायचं तर कागदावरच्या प्रकरणाचं, कुणाच्या स्वतःच्या आयुष्यातलं मागायचं नाही. प्रकरणातले भयंकर तपशील मुद्द्याला लागतील तेवढेच. आणि ‘असले लोक’ हा शब्दप्रयोग खोलीत आला, की त्याच तासाला त्याच्यावर बोलायचं.

कुणी विश्वासाने काही सांगायला आलंच, तर ऐकून घ्या, पण समुपदेशक बनू नका. विद्यापीठात ही मदत कुठे मिळते, हे ट्यूटरला पहिल्या दिवसापासून ठाऊक हवं. ‘हे कुणालाही सांगणार नाही’ असं वचनही देऊ नका. कुणाच्या जिवाला धोका असेल तर सांगावंच लागतं आणि दिलेलं वचन तेव्हा मोडावं लागतं.

असाइनमेंट

इथे चुका लहान असतात, पण त्यांच्यामुळे गुण जातात. ‘चिकित्सक परीक्षण करा’ याचा अर्थ दोष काढा असा होत नाही. मांडणी कुठे टिकते आणि कुठे टिकत नाही, दोन्ही दाखवावं लागतं. ‘वर्णन करा’ आणि ‘चर्चा करा’ यांना एकच उत्तर चालत नाही. तपासून आलेल्या पेपरवरचे गुण पाहून तो दप्तरात कोंबू नका. शेरे घेऊन ट्युटोरियलला या आणि एका शेऱ्याप्रमाणे एक परिच्छेद तिथेच बसून बदला. ट्यूटरनेही लाल पेनने वाक्यं दुरुस्त करून देऊ नयेत. सुधारलेलं वाक्य ट्यूटरचं होतं, मुलाचं लेखन आहे तिथेच राहतं.

हजेरीवरून यश मोजणं

हे कार्यक्रम चालवणाऱ्यांसाठी. वर्षअखेरीस अहवालात लिहिलं जातं, ‘ट्युटोरियलला येणाऱ्यांना न येणाऱ्यांपेक्षा जास्त गुण मिळाले.’ पण आपणहून येणारी मुलं आधीच जास्त मेहनती असतील तर? तुरुंगातल्या शिक्षणवर्गाला स्वेच्छेने बसलेले कैदी सुटल्यावर कमी गुन्हे करतात, हे वर्गाचं श्रेय की मुळातच बदलू पाहणाऱ्या माणसांचं, ही शंका आपण दुसऱ्या सेमिस्टरला शिकवतो. तीच स्वतःच्या अहवालाला लावा. निदान प्रवेशाच्या वेळचे गुण सारखे असलेल्यांची तुलना करा, आणि न येणाऱ्यांना का येत नाही ते विचारा. वेळ नोकरीच्या आड येते, हे उत्तर मला सगळ्यांत जास्त मिळालंय, आणि त्यावर संध्याकाळचा एक गट हा उपाय होता.

ट्युटोरियलचे सगळे गट एकाच ठिकाणी अडखळत असतील, तर ते लेक्चर घेणाऱ्यांपर्यंत त्याच आठवड्यात पोचायला हवं. मी तासानंतर एक चिठ्ठी लिहिते, मुलांची नावं न घालता : ‘मर्टनची मांडणी आणि गरिबी यांत गल्लत होतेय, पंधरापैकी अकरा जणांची.’ पुढच्या लेक्चरची पहिली दहा मिनिटं त्यावर जातात.

सेमिस्टर अर्धं सरलं असेल आणि तुम्ही एकदाही गेला नसाल, तरी या आठवड्यात जा. मागचं सगळं भरून काढायच्या नादी लागू नका. येऊ घातलेली असाइनमेंट घ्या, तिच्यावर अर्धं पान लिहा, कितीही कच्चं असो, आणि तेच घेऊन बसा.