थंडीत घोड्याची झूल: आधी तिच्याखाली हात घाला

थंडीची लाट यायच्या आत एक काम उरका. घोड्याच्या अंगावर झूल असेल तर ती आजच उतरवा आणि पाठीवरून, बरगड्यांवरून हात फिरवा. झूल चढवली, पट्टे आवळले आणि मग आठवडाभर कुणी उचललीच नाही, हे दर हिवाळ्यात दिसतं. थंडीनं जेवढे घोडे खराब होतात त्याहून जास्त झुलीखालच्या ओलीनं होतात, असं माझं पाहणं आहे. झूल काढली की पाठीवर खपल्या, त्या ओढल्या की केसांचे झुबके हातात. हा डर्मॅटोफायलस या जिवाणूचा प्रताप. त्याला दमट, कोंदट कातडीच हवी असते.

हात कसा घालायचा? खांद्यामागे, झुलीच्या आत. कोरडं आणि कोमट लागलं तर ठीक. दमट लागलं तर झूल गरजेपेक्षा जड असल्यानं घाम आलाय किंवा पाणी आत शिरलंय. दोन्ही बाबतीत ती उतरवायची. कान गार लागले म्हणून दुसरी झूल चढवू नका, कानावरून अंगाचा अंदाज येत नाही.

मुळात झूल लागतेच का, हे आधी ठरवा. हिवाळी केस पुरते आलेला, अंगानं भरलेला, कोरडा आणि वाऱ्यापासून आडोशाला असलेला घोडा साधारण उणे ८ अंशांपर्यंत झुलीशिवाय निभावतो. केस उन्हाळी असतील तर ही मर्यादा ५ अंशांवर येते, आणि अंग भिजलं की १५ अंशांच्या आसपास. आकडे नीट बघा: भिजणं हे थंडीपेक्षा महाग पडतं. उभे राहिलेले केस हवा धरून ठेवतात, त्यातच ऊब असते. पाणी ते केस चपटे करतं; बिनकामाची झूलही तेच करते.

झूल कुणाला हवी: केस कातरलेला, म्हातारा, हडकलेला किंवा आजारी घोडा, अशक्त शिंगरू, गरम प्रदेशातून नुकताच आणलेला, आणि पावसात उभं राहायला छप्पर नसलेला.

दुकानात गेलात की सर्वांत जड झूल पुढे येईल. झुलीच्या आतला भराव चौरस मीटरला ग्रॅममध्ये मोजतात: १०० पर्यंत हलकी, १५० ते २५० मध्यम, ३०० च्या वर जड. केस कातरलेल्या घोड्याला १० अंशांखाली हलकी, ५ अंशांखाली मध्यम, उणे ५ च्या खाली जड, असा ढोबळ हिशेब. न कातरलेल्याला बहुतेक वेळा बिनभरावाची, पाणी न शिरणारी पण घामाची वाफ बाहेर सोडणारी झूल पुरते. ‘१२०० डेनिअर, एकदम गरम’ हे ऐकून फसू नका. डेनिअर म्हणजे वरच्या कापडाच्या धाग्याची जाडी. कापड किती टिकेल ते त्यावरून कळतं, ऊब नाही. तबेल्यात घालायची झूल पावसात वापरू नका, ती पाणी पिते.

‘उष्णता देणारी’ चंदी विकत घ्यायच्या आधी कोरडं गवत वाढवा. मोठ्या आतड्यात गवत आंबताना जी ऊब तयार होते, ती दाण्यानं तेवढी होत नाही. घोड्याच्या वजनाच्या दीड ते दोन टक्के वैरण रोजची, नेहमीची. लाटेत त्याहून जास्त, आणि मोठा घास रात्रीचा.

बाकीची कामं:
- माप छातीच्या मध्यापासून पुठ्ठ्याच्या मागच्या टोकापर्यंत
- चढवताना आधी छातीचे पट्टे, मग पोटाचे, शेवटी पायांचे, काढताना उलट
- पोटाच्या पट्ट्याखाली तळहात सहज जावा
- रोज खरारा. खांदे आणि छातीवर घासल्याच्या खुणा बघणे
- पाणी कोमट. पाणी कमी पडलं की लीद अडकून पोटशूळ
- तबेल्याच्या खिडक्या बंद करू नये, मुताच्या वासानं छाती बिघडते
- झूल सौम्य साबणानं धुणे. कडक पावडरीनं पाणी अडवणारा थर जातो

झुलीआड घोडा कसा वाळत गेला हे दिसत नाही, त्यामुळे बरगड्या डोळ्यांनी नव्हे, बोटांनी मोजा.

घोडा कुडकुडत असेल आणि झूल ओली असेल तर तिच्यावर दुसरी घालू नका. ओली काढा, अंग पेंढ्यानं रगडून कोरडं करा, मग कोरडी घाला. थरथर थांबत नसेल तर पशुवैद्याला बोलवा. दुसरी झूलच नसेल तर उघड्या अंगानं आडोशाला बांधा, समोर गवत टाका. ओली परत चढवायची नाही.