संधिवाताच्या कर्मचाऱ्यांना ऑफिसात खरंच मदत मिळते का? मोजताना या चुका टाळा

नव्या खुर्च्या किती घेतल्या, फिजिओथेरपीची शिबिरं किती भरवली, पाठदुखीवरच्या वेबिनारला किती जण हजर होते, हे सगळं एचआरच्या अहवालात नीट मांडलेलं असतं. त्यावरून कंपनीने खर्च किती केला ते कळतं. ज्याची बोटं सकाळी आखडलेली असतात, त्याचं काम सोपं झालं का, हे त्यातून कळत नाही.

निदान विचारू नका, त्रास विचारा. "तुम्हाला संधिवात आहे का?" या प्रश्नाला बरेच जण सरळ "नाही" लिहितात. काहींचं निदानच झालेलं नसतं, तर काहींना बढती अडेल अशी धास्ती असते. पुणे जिल्ह्यातल्या भिगवणला 1996 साली संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा यांच्या चमूने घरोघरी जाऊन सांधे-स्नायूंच्या दुखण्यांची 'कॉपकॉर्ड' पाहणी सुरू केली. तिथे आधी दुखणं विचारलं गेलं, रोगाचं नाव नंतर. 1987 ची सांधे-स्नायूंच्या त्रासाची नॉर्डिक प्रश्नावलीही शरीराचे नऊ भाग घेऊन त्रास विचारते: गेल्या 12 महिन्यांत होता का, गेल्या 7 दिवसांत होता का आणि त्यामुळे नेहमीचं काम अडलं का. यातला शेवटचा प्रश्न गाळण्याचा मोह होतो, पण तुम्हाला खरा उपयोग त्याचाच आहे.

केवळ अपंगत्वाचा दाखला असलेल्यांची मोजणी हाही याच चुकीचा भाऊ. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातले अनेक लाभ 40 टक्के किंवा त्याहून अधिक अपंगत्वावर मिळतात. आमवात (सांधे सुजवणारा संधिवाताचा एक प्रकार) असलेले कितीतरी लोक त्या रेषेच्या खाली राहून रोज झगडत असतात.

वर्षातून एकदाच विचारणं. मला सगळ्यात जास्त खटकते ती ही चूक. आमवात चढतो-उतरतो. मार्चमध्ये फॉर्म भरणारा माणूस त्या आठवड्यात ठणठणीत असेल, तर तुमचा आकडा छान येईल. सरासरीही फसवते: महिन्यात वीस दिवस बरे आणि पाच दिवस दाराची कडीही उघडवत नाही, याची सरासरी 'किरकोळ त्रास' अशी निघते. त्यामुळे दर तिमाहीला विचारा आणि वाईट दिवसांबद्दल वेगळं विचारा: असे दिवस किती आले, त्या दिवशी उशिरा यायची किंवा घरून काम करायची मुभा मिळाली का, आणि ती मागावी लागली का.

पन्नाशीच्या पुढच्यांनाच विचारणं तर सरळ चूक. अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याचा संधिवात, बहुधा पंचेचाळिशीच्या आत सुरू होतो. त्यात विश्रांतीने कंबर आखडते, हालचालीने मोकळी होते. अशा मुलाला महागडी खुर्ची देऊन मीटिंगमध्ये दोन तास बसवून ठेवलं, तर मदत झाली असं कसं म्हणायचं? मधेच उठता येतं का, हे विचारा.

रजांवरून अंदाज बांधणं. रजा कमी म्हणजे त्रास कमी, असं नसतं. पगार कापला जाईल म्हणून माणूस येतो आणि अर्ध्या वेगाने काम करतो. आजाराचा कामावरचा परिणाम मोजणारी 'डब्ल्यूपीएआय' प्रश्नावली म्हणूनच गेल्या 7 दिवसांत बुडालेले तास आणि हजर असताना कामावर झालेला परिणाम वेगवेगळे विचारते. या परिणामासाठी 0 ते 10 अशी पट्टी असते.

कारखान्यात प्रश्न आणखी रोखठोक हवेत. उभं राहून काम करणाऱ्यांना संधी मिळेल तेव्हा बसता यावं अशी सोय 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियम, 1948 च्या कलम 44 मध्ये सांगितली होती. "लाइनवर स्टूल आहे का?" असं सुपरवायझरला विचारलं तर उत्तर "हो" येणार. त्यापेक्षा कामगाराला विचारा, "काल शिफ्टमध्ये बसलात का?"

आकडे विचित्र आले तर

मदतीसाठी एकही अर्ज नाही? गरज नाही असं समजू नका. अर्ज कुणाकडे करायचा ते लोकांना माहीत आहे का, आणि तो थेट साहेबाच्याच हातात जातो का, ते आधी पाहा.

उपाय सुरू केल्यावर तक्रारी वाढल्या? बऱ्याचदा लोक बोलू लागलेले असतात. अशा वेळी तक्रारींची संख्या बाजूला ठेवा. अर्जापासून सोय मिळेपर्यंत किती दिवस गेले आणि काम अडलेले दिवस घटले का, ते बघा.

पाच जणांच्या टीमचा निकाल वेगळा छापला, तर 'निनावी' उत्तर कुणाचं ते चहाच्या टपरीवर कळतं. छोट्या टीम एकत्र करून दाखवा.

आणि आकडे सगळेच चांगले आले, तर नोकरी सोडून गेलेल्यांची यादी काढा. ज्यांना जमलं नाही, ते तुमच्या पाहणीत नसतातच. राजीनाम्याच्या वेळच्या फॉर्ममध्ये "दुखण्यामुळे काम जमेनासं झालं होतं का?" एवढी एक ओळ घाला.