पॅलेस्टिनी विद्यार्थ्यांच्या शाळांना युद्धकाळात मदत कशी करावी

२०१५ च्या ऑगस्टमध्ये पश्चिम आशियातील पॅलेस्टिनी निर्वासितांच्या सुमारे सातशे शाळा वेळेवर उघडणार की नाही, हे शैक्षणिक वर्ष अगदी तोंडावर आले असताना ठरले. मुले तयार होती, शिक्षक तयार होते, परंतु या शाळा चालवणाऱ्या यूएनआरडब्ल्यूए या संयुक्त राष्ट्रांच्या संस्थेच्या हिशेबात १०.१ कोटी डॉलरची तूट होती. तीन वर्षांनी, २०१८ मध्ये, अमेरिकेने आपला हप्ता अचानक कमी केला आणि पुढे थांबवलाच, तेव्हाही तेच घडले: शाळा उघडतील, ही घोषणा ऑगस्टच्या मध्यावर झाली. ऑक्टोबर २०२३ नंतरच्या गाझातील युद्धाने या जुन्या दुखण्यावर विस्थापन, पडझड आणि मृत्यू यांचा डोंगर रचला. दुखणे मात्र जुनेच आहे. शाळा चालते ती शिक्षकाच्या पगारावर, आणि तो पगार कोणाच्या तरी ऐच्छिक देणगीवर अवलंबून आहे. म्हणून मदत करू इच्छिणाऱ्याने दप्तर, गणवेश आणि खाऊ यांच्या आधी पगाराचा विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. पुढच्या पायऱ्या त्याच क्रमाने मांडल्या आहेत.

पहिली पायरी: शाळा कोणाची आहे ते समजून घ्या

‘पॅलेस्टिनी शाळा’ असा एकच प्रकार नाही. निर्वासितांच्या शाळा संयुक्त राष्ट्रांची यूएनआरडब्ल्यूए ही संस्था चालवते. तिची स्थापना डिसेंबर १९४९ मध्ये झाली, काम मे १९५० मध्ये सुरू झाले, आणि छावण्यांतले लोक आजही तिला नुसते ‘वकाला’, म्हणजे एजन्सी, म्हणतात. गाझा, पश्चिम किनारा, जॉर्डन, लेबनॉन आणि सीरिया या पाच ठिकाणी तिच्या शाळांत युद्धापूर्वी पाच लाखांहून अधिक मुले शिकत होती आणि त्यांपैकी सुमारे तीन लाख एकट्या गाझात होती. संस्थेच्या नियमित खर्चाचा निम्म्याहून अधिक भाग शिक्षणावर जातो. संयुक्त राष्ट्रांच्या मुख्य अंदाजपत्रकातून तिला मिळते ते प्रामुख्याने आंतरराष्ट्रीय कर्मचाऱ्यांच्या पगारापुरते. वर्गात उभ्या राहणाऱ्या स्थानिक शिक्षकाचा पगार देशोदेशींच्या सरकारांच्या आणि व्यक्तींच्या देणग्यांतून निघतो.

सरकारी शाळांची गोष्ट निराळी आहे. त्या पॅलेस्टिनी प्राधिकरणाच्या शिक्षण मंत्रालयाच्या आहेत. इस्रायलशी १९९४ मध्ये झालेल्या पॅरिस आर्थिक करारानुसार प्राधिकरणाच्या वतीने आयातकर इस्रायल गोळा करतो आणि नंतर हस्तांतरित करतो. हे पैसे रोखले की रामल्लाच्या, म्हणजे प्राधिकरणाच्या, तिजोरीत खडखडाट होतो. २०२१ च्या अखेरीपासून तिथल्या सरकारी शिक्षकांना पूर्ण पगार नियमितपणे मिळालेला नाही. २०२५ चे शैक्षणिक वर्ष आर्थिक अडचणीमुळे आठवडाभर उशिरा सुरू झाले आणि अनेक सरकारी शाळा आठवड्यातून तीनच दिवस भरू लागल्या. विनाअनुदानित शाळेत अनुदानाच्या टप्प्याची वाट पाहत वर्षे काढलेल्या आपल्याकडच्या शिक्षकांना या अवस्थेचा निम्मा अर्थ न सांगता कळेल. उरलेला निम्मा, म्हणजे शाळेच्या वाटेवरचा लष्करी तपासणी नाका आज उघडेल की नाही हा प्रश्न, कळणार नाही.

तिसरा प्रकार खासगी, धर्मादाय आणि वस्तीतल्या लोकांनी चालवलेल्या शाळांचा. सरकारी शाळेला बाहेरचा माणूस थेट देणगी देऊ शकत नाही, असे धरून चाला; वैयक्तिक मदत पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारालाच पोहोचते.

दुसरी पायरी: तुटवडा नेमका कशाचा आहे ते विचारा

गाझात नव्वद टक्क्यांहून अधिक शालेय इमारतींचे नुकसान झाले आहे आणि सहा लाखांहून अधिक मुलांचे नियमित शिक्षण तुटले. उभ्या राहिलेल्या बहुतेक शाळा निवारे झाल्या. ज्या खोलीत फळा होता तिथे कुटुंबे राहू लागली, आणि शिक्षकच निवाऱ्याची व्यवस्था पाहू लागले. ऑगस्ट २०२४ पासून वकालाने तात्पुरते वर्ग सुरू केले. असा वर्ग डोळ्यांसमोर आणायचा तर ताडपत्री, जमिनीवर चटई, एका काठीला टेकवलेला फळा आणि चटईवर वेगवेगळ्या इयत्तांची मुले. दिवसातून काही तास गणित, अरबी आणि इंग्रजी. बाकी वेळ खेळ, चित्रे आणि मनातले बाहेर काढण्याचे उपक्रम, कारण दोन वर्षे स्फोट ऐकलेल्या मुलाला थेट अपूर्णांक शिकवता येत नाहीत.

अशा वर्गाला इथून वह्या-पेन्सिलींचे पार्सल पाठवावे, ही आपली पहिली ऊर्मी असते. ती आवरा. शालेय साहित्य दीर्घकाळ गाझात नेऊच दिले गेले नाही, त्यामुळे वस्तूंची देणगी सीमेवर अडकून पडते आणि तिचा गोदामभाडे, वाहतूक, कागदपत्रे हा खर्च मात्र चालू राहतो. पैसे तिथे आधीच काम करणाऱ्या संस्थेला द्यावेत. काय विकत घेता येते आणि काय नाही, हे तिला आपल्यापेक्षा चांगले कळते.

वरच्या वर्गांचा तुटवडा आणखी वेगळा आहे. आपल्या बारावीच्या बोर्डासारखी तिथे ‘तौजीही’ परीक्षा असते, आणि तिच्याशिवाय विद्यापीठाचे दार उघडत नाही. २०२४ मध्ये गाझातील सुमारे ३९,००० विद्यार्थी ती देऊ शकले नाहीत. जुलै २०२५ मध्ये सुमारे १,५०० जणांनी ती ऑनलाइन दिली. मोबाइल चार्ज करण्याची आणि इंटरनेट मिळण्याची जागा शोधणे हाही त्या परीक्षेचा एक भाग होता. या वयाच्या मुलांना चटईपेक्षा डेटा, वीज आणि मार्गदर्शक शिक्षक यांची गरज आहे. संस्थेला पत्र लिहिताना म्हणूनच ‘तुम्ही कोणत्या इयत्तांसाठी काम करता’ हा प्रश्न आधी विचारावा.

तिसरी पायरी: संस्था निवडा, आणि वाद टाळून नव्हे तर वाचून निवडा

वकालाला देणगी देण्यापूर्वी तिच्यावरचा आक्षेप माहीत असावा. जानेवारी २०२४ मध्ये इस्रायलने तिच्या बारा कर्मचाऱ्यांवर हमासने ७ ऑक्टोबर २०२३ रोजी इस्रायलवर केलेल्या हल्ल्यात सहभागाचा आरोप केला, आणि सोळा देशांनी निधी थांबवला. फ्रान्सच्या माजी परराष्ट्रमंत्री कॅथरीन कोलोना यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एप्रिल २०२४ मध्ये अहवाल दिला. तटस्थता राखण्याची संस्थेची यंत्रणा इतर तत्सम संस्थांपेक्षा विकसित आहे, तरी पाठ्यपुस्तकांसह काही बाबतींत त्रुटी आहेत, असे तो सांगतो. संयुक्त राष्ट्रांच्या अंतर्गत चौकशीने ऑगस्ट २०२४ मध्ये नऊ जणांचा सहभाग असू शकतो असे म्हटले आणि त्यांची सेवा समाप्त झाली. बहुतेक देशांनी निधी पुन्हा सुरू केला. अमेरिकेने केला नाही. पुढे इस्रायलच्या संसदेने केलेले निर्बंधाचे कायदे जानेवारी २०२५ च्या अखेरीस लागू झाले, आणि ८ मे २०२५ रोजी पूर्व जेरुसलेममधील वकालाच्या सहा शाळा बंद करण्यात आल्या. हे सारे वाचून कोणाला दुसरी संस्था निवडावीशी वाटली, तर त्यात गैर काही नाही. युनिसेफ, सेव्ह द चिल्ड्रन, संकटग्रस्त भागांतील शिक्षणासाठीचा ‘एज्युकेशन कॅनॉट वेट’ हा निधी, किंवा मुलांच्या वाचनासाठी रामल्लात १९८९ पासून काम करणारी तामेर संस्था, असे पर्याय आहेत. आपल्या सरकारचे उदाहरणही पाहता येईल: भारत वकालाला वर्षाला ५० लाख डॉलर देत आला आहे.

समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या ‘या मुलाच्या शाळेसाठी’ अशा वैयक्तिक खात्यांना, आणि क्रिप्टो चलनात मागितलेल्या देणगीला, माझ्या मते हात लावू नये. मागणारा खरा असला तरी पैसा कोणाकडे गेला हे तुम्हाला उद्या कोणत्याही अधिकाऱ्याला सिद्ध करून दाखवता येणार नाही.

चौथी पायरी: ‘आणीबाणी’ऐवजी ‘सर्वसाधारण’ हा रकाना निवडा

या लेखातली सर्वांत उपयोगाची सूचना हीच. बहुतेक संस्थांच्या देणगीपानावर दोन-तीन पर्याय असतात. आणीबाणीच्या आवाहनाला छायाचित्रांमुळे पैसे चटकन मिळतात. तो निधी अन्न, तंबू, औषधे यांसाठी राखीव असतो आणि त्यातून शिक्षकाचा नियमित पगार काढता येत नाही. पगार निघतो तो सर्वसाधारण कार्यक्रम-निधीतून, आणि नेमका तोच कोरडा पडतो. गाझात बॉम्ब पडत असताना जॉर्डन किंवा लेबनॉनमधल्या छावणीतली शाळा तुटीमुळे अडचणीत येते, ती बातमी कोठेच येत नाही. म्हणून कोणत्याही अटीविना, सर्वसाधारण निधीला, आणि शक्य असल्यास दरमहा थोडे थोडे द्यावे. वर्षातून एकदा भावनेच्या भरात दिलेल्या सहा हजारांपेक्षा महिन्याला पाचशे रुपये संस्थेच्या लेखापालाला अधिक उपयोगी, कारण त्यावर त्याला पुढचा महिना आखता येतो.

पाचवी पायरी: भारतातून पैसे कायदेशीर मार्गाने पाठवा

परदेशी संस्थेला भारतातून देणगी देता येते. निवासी व्यक्तीला रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत रक्कम बाहेर पाठवता येते आणि त्यात देणगीचा समावेश आहे. त्यासाठी पॅन लागतो, बँकेत ए-टू अर्ज भरावा लागतो आणि पैसे कशासाठी पाठवत आहात याचा संकेतक्रमांक द्यावा लागतो. ही सवलत व्यक्तीला आहे. ट्रस्ट, भागीदारी संस्था किंवा कंपनी यांना नाही. त्यामुळे मंडळाने वर्गणी गोळा करून एकरकमी पाठवण्याचा बेत रद्द करावा. नोंदणीकृत धर्मादाय संस्थेने भारताबाहेर खर्च करायचा तर आयकर खात्याची वेगळी मंजुरी लागते, आणि दहा जणांचे पैसे एकाच्या खात्यावरून गेले तर हिशेबाची जबाबदारी त्या एकावर येते. दहा जणांनी दहा स्वतंत्र देणग्या द्याव्यात. वेळ लागतो, पण झोप शांत लागते.

करसवलतीची आशा धरू नका. ज्याला आपण ८०जी म्हणतो ती वजावट भारतात नोंदणी झालेल्या संस्थांसाठी आहे. उलट अमेरिकेतील मराठी वाचकांना यूएनआरडब्ल्यूए यूएसए या स्वतंत्र नोंदणीकृत संस्थेमार्फत करवजावटीसह देता येते, आणि ब्रिटनमधील करदात्याने तिथल्या नोंदणीकृत धर्मादाय संस्थेला देताना ‘गिफ्ट एड’च्या चौकटीत खूण केली तर प्रत्येक पौंडामागे सरकार २५ पेन्स घालते. अमेरिकेतल्या अनेक कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच भर स्वतःची घालतात. हे मनुष्यबळ विभागाला विचारायला लाजू नये.

रक्कम लहान असेल तर बँकेतून वायर ट्रान्सफर करू नका. मी पहिल्यांदा तीन हजार रुपये तसे पाठवले, तेव्हा बँकेचे शुल्क, त्यावरचा कर आणि मधल्या बँकेची कपात वजा जाता जवळजवळ निम्मेच पोहोचले, आणि काउंटरवरच्या गृहस्थांनी ‘पॅलेस्टाइन’ हा देश यादीत शोधण्यात घालवलेला अर्धा तास वेगळा. लहान रकमेसाठी आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू असलेले कार्ड बरे. मात्र भारतीय कार्डावरचे दरमहा आपोआप कापले जाणारे परदेशी व्यवहार अनेकदा नाकारले जातात, त्यामुळे महिन्याची आठवण मोबाइलमध्ये लावून हाताने भरणे अधिक खात्रीचे.

सहावी पायरी: पैशांशिवायही जे देता येते ते

इंग्रजी, गणित किंवा विज्ञान शिकवू शकणाऱ्यांनी एखाद्या संस्थेच्या देखरेखीखालील ऑनलाइन वर्गांत सहभागी व्हावे. पॅलेस्टाइनचे घड्याळ हिवाळ्यात आपल्या साडेतीन तास आणि उन्हाळ्यात अडीच तास मागे असते, त्यामुळे आपली संध्याकाळ त्यांची दुपार होते. थेट व्हिडिओ गृहीत धरू नका. पाच मिनिटांचा ध्वनिसंदेश आणि एका पानाची पीडीएफ हे कमी नेटवर पोहोचते. मुलाचे नाव, चेहरा किंवा ठिकाण तुमच्या फेसबुकवर टाकू नका. परवानगी मिळाली तरी टाकू नका, कारण युद्धात ठिकाण सांगणे म्हणजे काय हे त्या मुलाला आपल्यापेक्षा जास्त माहीत असते.

पुण्यात पॅलेस्टिनी विद्यार्थी शिकायला येत आले आहेत, काही भारत सरकारच्या शिष्यवृत्तीवर. युद्धात घरून येणारे पैसे थांबले की त्यांची फी, खानावळ आणि खोलीभाडे एकदम थकते, आणि त्यातच व्हिसाच्या मुदतवाढीचे कागद पुढे येतात. इथे मदत सर्वांत सोपी आहे: फी थेट महाविद्यालयाच्या खात्यात भरा आणि पावती विद्यार्थ्याच्या नावाने घ्या. खोलीमालकाशी दोन महिन्यांच्या सवलतीचे बोलणे करून देणे, हेही मोठे काम आहे.

सातवी पायरी: वेळ साधा आणि हिशेब मागा

तिथले शैक्षणिक वर्ष सप्टेंबरच्या आसपास सुरू होते, म्हणून देणगी जून-जुलैमध्ये द्यावी. आपल्याकडेही त्याच सुमारास शाळा सुरू होत असल्याने आठवण ठेवायला सोपे जाते. वर्षअखेरीस संस्थेला दोन ओळींचे पत्र लिहा: या वर्षी किती शिक्षकांना किती महिने पूर्ण पगार मिळाला, आणि शाळा किती दिवस भरली. लाभार्थी मुलांची एकूण संख्या आणि रंगीत छायाचित्रे असे उत्तर आले, तर हेच दोन प्रश्न पुन्हा विचारा, आणि त्याचे उत्तर आल्यावरच पुढच्या वर्षीची रक्कम ठरवा.