पेनड्राइव्ह दिसेना, तेव्हा

देवगडला आत्येकडे गेलो होतो. तिथे २०११ चा लॅपटॉप पडून होता. म्हटलं, त्यात लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत ऑपरेटिंग सिस्टिम टाकू, निदान आंब्याच्या ऑर्डरींचा हिशेब तरी होईल. पेनड्राइव्ह लावला, बूट मेनू (लॅपटॉप कशावरून सुरू करायचा ती यादी) यावा म्हणून एफ-१२ बडवत बसलो, तर लॅपटॉप आपला थेट जुन्या विंडोजमध्ये!

पहिली चूक बावळटपणाची. डाउनलोड केलेली आयएसओ फाइल (अख्खी मिंट एकाच फाइलमध्ये) मी नुसती पेनड्राइव्हवर कॉपी केली होती. तशी ती बूट होत नाही, म्हणजे तिच्यावरून लॅपटॉप सुरू होत नाही; ती खास प्रोग्रामने पेनड्राइव्हवर लिहावी लागते. मग त्यासाठी रूफस हा प्रोग्राम वापरला. तरीही बूट मेनूत पेनड्राइव्हचं नाव नाही. आत्या म्हणाली, "ह्यो डबो आता भंगारात घाल."

रात्री लक्षात आलं. रूफसमध्ये पार्टिशन स्कीम, म्हणजे पेनड्राइव्हवरची जागा मांडायची पद्धत, मी जीपीटी ही नवी निवडली होती, नवं म्हणजे चांगलं या हिशेबाने. रूफसने जीपीटीवर तयार केलेला असा पेनड्राइव्ह फक्त यूईएफआयवर चालतो, आणि या लॅपटॉपात जुनं साधं बायोस. (दोन्ही म्हणजे लॅपटॉप चालू होताच आधी चालणारा, त्यातलाच प्रोग्राम; यूईएफआय नवा, बायोस जुना.) एमबीआर ही जुनी पद्धत निवडून पुन्हा लिहिला, नाव लगेच दिसलं. पण बूट अर्ध्यात अडकायचं. निळ्या, म्हणजे यूएसबी ३.० च्या पोर्टातून काढून शेजारच्या काळ्या, म्हणजे जुन्या २.० च्या पोर्टात घातला. या काळ्या पोर्टाच्या पत्र्यावर खाऱ्या हवेने गंज धरलेला, म्हणून मी तो टाळत होतो. नेमका तोच चालला.

इन्स्टॉल सुरू केलं मात्र सकाळी. बॅटरी मेलेली आणि बाहेर पाऊस. देवगडात पावसात रात्रीच्या विजेवर कोण विसंबेल?